कर्नेलपूर्वीचे सेकंद : लिनक्स संगणकातील फर्मवेअर-विलंबाचा आढावा

संगणकाचे बटण दाबल्यापासून लिनक्सच्या कर्नेलची पहिली आज्ञा प्रोसेसरवर चालू लागेपर्यंत जो काळ जातो, तो बहुतांशी फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरील लहानशा फ्लॅश चिपमध्ये साठवलेल्या प्रारंभिक आज्ञावलीच्या, ताब्यात असतो. प्रोसेसर जागा करणे, मेमरी वापरण्याजोगी करणे, जोडलेली उपकरणे हुडकणे आणि कार्यप्रणाली कोणत्या डिस्कवरून उचलायची ते ठरवणे, ही तिची मुख्य कामे होत. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही कामे बायोस या नावाची आज्ञावली करीत आली. १९९० च्या दशकात इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय नावाचा नवा आराखडा आखला आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमकडे त्याची सूत्रे गेल्यावर तोच पुढे बहुतेक संगणकांत रूढ झाला. बोलीत अजूनही ‘बायोसमध्ये जा’ असेच म्हटले जाते, मात्र प्रस्तुत लेखात ज्याचा विचार केला आहे ते फर्मवेअर यूईएफआय जातीचे आहे.

लिनक्स लवकर सुरू व्हावे यासाठी गेल्या दोन दशकांत पुष्कळ काम झाले, परंतु ते जवळजवळ सगळे कर्नेल सुरू झाल्यानंतरच्या टप्प्यांत झाले. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत आर्यन व्हॅन डी व्हेन आणि औके कोक या इंटेलच्या अभियंत्यांनी असूसच्या ईई पीसी या छोट्या संगणकावर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखवले. त्यांनी वेळेचे अंदाजपत्रकच मांडले होते : कर्नेलला १ सेकंद, सुरुवातीच्या सेवांना १, चित्रपटल सांभाळणाऱ्या एक्स प्रणालीला १ आणि डेस्कटॉपला २. या अंदाजपत्रकात फर्मवेअरच्या नावाने रकानाच नव्हता. पुढे २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीवर्स यांनी सिस्टमडी ही सेवा-व्यवस्था आणली, तिच्यामुळे सेवा एकाच वेळी सुरू होऊ लागल्या, फिरत्या तबकड्यांच्या जागी एसएसडी आल्या आणि कार्यप्रणालीचा वाटा आक्रसत गेला. फर्मवेअरचा वाटा मात्र तसा आक्रसला नाही. उलट मेमरी अधिक वेगवान आणि उपकरणे अधिक संख्येने आल्यामुळे अनेक यंत्रांवर तोच आता सर्वांत मोठा ठरतो.

हा वाटा मोजण्याचे रूढ साधन म्हणजे सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ही आज्ञा. तिच्या उत्तराची पहिलीच ओळ एकूण वेळेची फोड करून देते : फर्मवेअर, लोडर (कर्नेल उचलून आणणारा बूटलोडर), कर्नेल, इनिटआरडी (प्रारंभापुरती तात्पुरती फाइलप्रणाली) आणि यूजरस्पेस (सेवा व डेस्कटॉप). समजा, या ओळीत फर्मवेअरसमोर १९ सेकंद, लोडरसमोर ६, कर्नेलसमोर १, इनिटआरडीसमोर २ आणि यूजरस्पेससमोर ५ असे आकडे आले, तर ३३ सेकंदांपैकी २५ सेकंद लिनक्स अस्तित्वातच नव्हते, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी याच आज्ञेचे ब्लेम आणि क्रिटिकल-चेन हे प्रकार वापरून सेवांची यादी काढायची आणि एकेक सेवा बंद करीत बसायचे, ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. कारण त्या दोन्ही याद्या सिस्टमडी सुरू झाल्यानंतरच्या काळाबद्दलच बोलतात आणि त्यांतील काहीही बंद केले तरी त्या १९ सेकंदांतून क्षणभरही कमी होत नाही.

फर्मवेअरचा आकडा लिनक्सला कळतो तरी कसा, हेही समजून घेण्याजोगे आहे. २०११ साली आलेल्या एसीपीआय ५.० या प्रमाणकात ‘फर्मवेअर परफॉर्मन्स डेटा टेबल’ नावाचा तक्ता घालण्यात आला, ज्यात फर्मवेअर आपल्या कामाच्या काही टप्प्यांच्या वेळा स्वतःच नोंदवून ठेवते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून जो आकडा दिसतो त्याचे मूळही हाच तक्ता. २०२१ च्या ५.१२ या आवृत्तीपासून कर्नेलही हा तक्ता सिस या आभासी फाइलप्रणालीत उघडा करून ठेवतो. तक्ता नसेल किंवा निकामी असेल तर सिस्टमडी-बूटसारख्या बूटलोडरने मागे ठेवलेल्या वेळेच्या नोंदी वापरल्या जातात, आणि दोन्ही नसल्यास फर्मवेअर व लोडर हे रकाने उत्तरात येतच नाहीत.

या आकड्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की तक्त्यातील घड्याळ फर्मवेअरची मुख्य आज्ञावली चालू लागते तेव्हापासून धावते, त्यामुळे तिच्याही आधी घडणारे काम त्यात धरले जाण्याची खात्री नसते. एएमडीच्या झेन पिढीतील प्रोसेसरांत मेमरीची जुळणी मुख्य गाभे जागे होण्यापूर्वीच एक वेगळा सुरक्षा-प्रोसेसर करतो. तेथे पडदा बराच वेळ काळा राहूनही आकडा किरकोळ दिसू शकतो. म्हणून हातातल्या घड्याळाने बटणापासून उत्पादकाचे बोधचिन्ह दिसेपर्यंतचा वेळही मोजावा. दोन मोजमापांतील तफावत मोठी असेल तर दोष मेमरीच्या टप्प्यात असण्याची शक्यता बळावते, म्हणजे ही तफावत स्वतःच निदानाचे काम करते. दुसरी मर्यादा अशी की वापरकर्ता फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये शिरला असेल तर तिथे घालवलेला वेळही हिशेबात धरला जातो. एकदा मोजून भागत नाही ते यामुळेच : कोणतीही कळ न दाबता, यंत्र पूर्ण बंद करून, तीन-चार वेळा मोजलेला आकडाच विश्वासार्ह मानावा.

लोडरचा रकाना वेगळा काढणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण फर्मवेअरच्या माथी मारला जाणारा बराच विलंब वस्तुतः येथे असतो आणि तो पूर्णपणे वापरकर्त्याच्या हातात असतो. ग्रब या बूटलोडरचा मेनू ठरावीक सेकंद थांबतो, ते सेकंद इथेच जमा होतात. उबुंटूमध्ये मागचे सुरू होणे अर्धवट राहिल्याची नोंद असेल तर ही प्रतीक्षा ३० सेकंदांपर्यंत जाते. बूटची विभाजिका कूटबद्ध असेल तर परवलीचा शब्द टाइप करण्याचा वेळ आणि त्यानंतर ग्रबला कुलूप उघडण्यासाठी करावी लागणारी आकडेमोड, जी तो कर्नेलच्या मानाने फार सावकाश करतो, हे दोन्ही लोडरच्या खात्यावर पडते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रतीक्षेचा आकडा कमी करणे हे मिनिटभराचे काम आहे आणि त्यात धोका नाही. प्रतीक्षा अगदी शून्यावर आणण्यापेक्षा एक-दोन सेकंद राखणे शहाणपणाचे, म्हणजे नवे कर्नेल बिघडल्यास जुने निवडता येते.

खुद्द फर्मवेअरच्या आत चार टप्पे ओळखले जातात. पहिल्या, सुरक्षेच्या टप्प्यात प्रोसेसर आपल्या अंतर्गत कॅशलाच तात्पुरती मेमरी म्हणून वापरतो; दुसऱ्या टप्प्यात, ज्याला पीईआय म्हणतात, मुख्य मेमरी सज्ज केली जाते; तिसऱ्या, डीएक्सई टप्प्यात उपकरणांचे ड्रायव्हर चालतात; आणि चौथ्या, बीडीएस टप्प्यात कार्यप्रणाली कोठून उचलायची याची निवड होते. पहिला टप्पा अल्पजीवी असतो. विलंबाची खरी ठिकाणे उरलेल्या तिघांत आहेत आणि प्रत्येकाची प्रकृती निराळी आहे.

मेमरीची सज्जता हा यांतील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी समजला गेलेला भाग. डीडीआर५-६००० या दर्जाच्या मेमरीत प्रत्येक तारेवरून सेकंदाला सहा अब्ज वेळा संकेत जातो, म्हणजे एका संकेताच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा हिस्सा येतो, आणि तेवढ्या अवधीत निर्वात पोकळीतला प्रकाशदेखील फक्त पाच सेंटिमीटर अंतर कापतो. मदरबोर्डवरील तारांची लांबी, मेमरीच्या पट्ट्यांची घडण, व्होल्टेज आणि तापमान यांत यंत्रागणिक फरक असल्याने प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका केव्हा वाचायचा हे कारखान्यात ठरवून देता येत नाही. यंत्राला ते स्वतः शोधावे लागते. त्यासाठी फर्मवेअर ठरलेले नमुने मेमरीत लिहिते, परत वाचते, वाचण्याचा क्षण किंचित मागेपुढे सरकवते आणि चुका कोठे सुरू होतात ते पाहून मधला सुरक्षित बिंदू निवडते. या क्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पट्ट्या जितक्या अधिक, क्षमता जितकी मोठी आणि वेग जितका जास्त, तितका हा शोध लांबतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीचा एएम५ हा मंच केवळ डीडीआर५ मेमरीसह बाजारात आला तेव्हा ही गोष्ट सामान्य ग्राहकाच्या प्रत्ययास आली. नव्या यंत्राचा पडदा पहिल्या वेळी काही मिनिटे काळा राहत असे, आणि यंत्र बिघडले असे समजून ते मध्येच बंद करणाऱ्यांचे ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पहिल्या वेळेचा हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. खरा प्रश्न असतो तो रोजच्या वेळेचा. ट्रेनिंगचे निष्कर्ष फ्लॅश चिपमध्ये जपून ठेवून पुढच्या वेळी तेच वापरण्याची सोय एएमडीच्या मंचावर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ या नावाने आणि इंटेलच्या मंचावर ‘एमआरसी फास्ट बूट’ किंवा तत्सम नावाने सेटिंगमध्ये आढळते. ती बंद असेल तर यंत्र दर वेळी नव्याने शोध घेते, आणि ती चालू करणे हा अनेकदा या सगळ्या विषयातील सर्वांत मोठा एकरकमी फायदा ठरतो.

या सोयीची किंमत मात्र नजरेआड करू नये. थंड यंत्रात सापडलेला सुरक्षित बिंदू तापलेल्या यंत्रात तितका सुरक्षित राहीलच असे नाही, आणि मेमरी तिच्या प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने, एक्सपो किंवा एक्सएमपी या तयार संचिकांनुसार, चालवली जात असेल तर मोकळीक आणखी घटते. एएम५ च्या सुरुवातीच्या फर्मवेअर-आवृत्त्यांत ही सोय चालू केल्यावर यंत्र अस्थिर झाल्याच्या तक्रारी आल्या; नंतरच्या आवृत्त्यांनी परिस्थिती सुधारली. ही सोय चालू केल्यावर मेमटेस्ट८६+ सारख्या चाचणीने मेमरी रात्रभर तपासून घ्यावी आणि एकही चूक दिसल्यास सोय बंद करावी किंवा मेमरीचा वेग एक पायरी खाली आणावा, हाच मार्ग योग्य आहे. मेमरीतील चूक फाइलींमध्ये गुपचूप झिरपते. दिवसातून एकदा सुरू होणाऱ्या संगणकावर अर्ध्या मिनिटाच्या बचतीसाठी तो धोका पत्करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

डीएक्सई टप्प्यातील विलंब शोधाचा असतो, आणि फर्मवेअरला जितके कमी शोधायला लावावे तितका तो घटतो. यूएसबी हब, कार्ड-रीडर, बाह्य डिस्क आणि थंडरबोल्टचे डॉक यांतील प्रत्येक उपकरणाची या टप्प्यात विचारपूस होते, आणि एखादे उपकरण वेळेत उत्तर देत नसेल तर ठरलेली मुदत संपेपर्यंत फर्मवेअर खोळंबते. मरणपंथाला लागलेली डिस्क हे अशा खोळंब्याचे नेहमीचे कारण आहे. तपासण्याची रीत साधी आहे. कळफलक आणि पडदा सोडून सर्व काही काढून वेळ मोजावी आणि मग एकेक वस्तू परत जोडत जावे. ज्या वस्तूपाशी आकडा उडी मारतो तीच दोषी. याच टप्प्यात विस्तार-कार्डांवरील ऑप्शन रॉम, म्हणजे कार्डाने सोबत आणलेली छोटी आज्ञावलीही चालवली जाते. जुन्या बायोसची नक्कल करणारा सीएसएम हा विभाग चालू असेल तर जुन्या धर्तीच्या रॉमचीही भर पडते. इंटेलने २०१७ मध्येच हा विभाग २०२० पर्यंत निकालात काढण्याचा मनोदय जाहीर केला होता, आणि लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसवलेले असेल तर तो बंद करण्यात सहसा अडचण येत नाही. लिनक्स जुन्या पद्धतीने बसवलेले असेल तर मात्र सीएसएम बंद करताच ते सुरू होणार नाही, हे आधी तपासून घ्यावे.

बीडीएस टप्प्यात वेळ खाणारा मुख्य घटक नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय होय. तो यादीत डिस्कच्या आधी असेल तर फर्मवेअर प्रथम आयपीव्ही४ आणि मग आयपीव्ही६ पद्धतीने पत्ता मागत राहते आणि घरगुती जाळ्यात असा सर्व्हर नसल्याने दोन्ही मुदती वाया जातात. ज्या संगणकाला नेटवर्कवरून कधीच सुरू व्हायचे नाही त्याच्या सेटिंगमधील ‘नेटवर्क स्टॅक’ बंद करणे हाच निर्णायक उपाय. लिनक्समधून ही यादी पाहण्यासाठी ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा आहे : ती प्रथम सध्याची नोंद, मग टाइमआउट, मग चार-चार अक्षरांच्या क्रमांकांनी लिहिलेला क्रम आणि शेवटी प्रत्येक नोंदीचे नाव दाखवते. तिच्याच साहाय्याने क्रम बदलता येतो, कधीच काढून टाकलेल्या कार्यप्रणालीची नोंद पुसता येते आणि टाइमआउट कमी करता येतो. काही फर्मवेअर पुसलेल्या नोंदी पुढच्या खेपेला स्वतःहून पुन्हा घालतात. तेथे नोंद पुसण्यापेक्षा क्रमात खाली ढकलणे उपयोगी पडते. बोधचिन्ह दाखवत तीन सेकंद थांबण्याचे सेटिंग अनेक मदरबोर्डांवर वेगळे असते, तेही पाहावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. फर्मवेअरच्या या नोंदी लिनक्समध्ये फाइलींच्या रूपात दिसतात, आणि त्या सरसकट पुसल्याने काही लॅपटॉप कायमचे निकामी झाल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. त्यानंतर कर्नेलने अनोळखी नोंदींना पुसण्यापासून संरक्षण दिले. त्याआधी २०१३ मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपांवर नोंदींची जागा भरत गेल्यानेही यंत्र मृतवत होत असल्याचे दिसले होते. जे बदलायचे ते नेमक्या आज्ञेने, एका वेळी एक, असेच बदलावे.

सेटिंगमधील ‘फास्ट बूट’ हा पर्याय विंडोज ८ च्या काळात, २०१२ च्या सुमारास, सर्वत्र पसरला. तो चालू केल्यावर फर्मवेअर उपकरणांचा शोध आखडता घेते, मागच्या वेळची रचनाच कायम आहे असे गृहीत धरते आणि पुष्कळदा यूएसबीची सज्जता कार्यप्रणालीवर सोपवते. त्यामुळे सुरुवातीला कळफलकच काम करीत नाही आणि सेटिंगमध्ये शिरण्याची वाट बंद होते. लिनक्समध्ये यावर चांगला उतारा आहे : सिस्टमसीटीएल रीबूट या आज्ञेला फर्मवेअर-सेटअप हा पर्याय जोडला की पुढच्या खेपेला यंत्र थेट सेटिंगमध्येच उघडते. लिनक्सही सुरू होईना अशी वेळ आली तर मदरबोर्डवरील सीमॉस, म्हणजे साठवलेली सेटिंग, पुसणे एवढेच उरते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. ती विंडोजचा कर्नेल डिस्कवर गोठवून ठेवते, फर्मवेअरच्या वेळेला हात लावत नाही, आणि दोन्ही कार्यप्रणाली असलेल्या यंत्रावर विंडोजची विभाजिका अर्धवट अवस्थेत सोडून लिनक्सला अडचणीत आणते. अशा यंत्रावर ती बंदच ठेवावी.

फर्मवेअरची नवी आवृत्ती बसवणे हाही एक उपाय मानला जातो. रिचर्ड ह्यूज यांनी २०१५ मध्ये सुरू केलेला एफडब्ल्यूअपडी हा प्रकल्प आणि त्याला पुरवठा करणारी एलव्हीएफएस ही सेवा यांमुळे अनेक उत्पादकांचे फर्मवेअर लिनक्समधूनच अद्ययावत करता येते. नव्या आवृत्तीने वेळ घटेलच असे नाही. शिवाय अद्ययावत केल्यावर सेटिंग अनेकदा मूळपदावर जातात आणि मेमरीचे ट्रेनिंग नव्याने होते, म्हणून त्यानंतरची पहिली वेळ हिशेबात धरू नये.

फर्मवेअरचा वेळ कमी करण्याऐवजी त्याच्या वाटेलाच न जाण्याचे मार्गही आहेत. यंत्र बंद न करता निद्रावस्थेत ठेवले तर मेमरी जिवंत राहते आणि पूर्ण प्रारंभ टळतो. डिस्कवर गोठवण्याच्या हायबरनेशन पद्धतीत मात्र फर्मवेअर पूर्णच चालते, त्यामुळे या दृष्टीने तिचा लाभ नाही. पुनःप्रारंभासाठी केएक्झेक आहे : २००५ मध्ये कर्नेलच्या २.६.१३ या आवृत्तीत दाखल झालेल्या या सोयीने चालू कर्नेल नव्या कर्नेलला थेट मेमरीत आणून त्याच्या हाती कारभार देतो. ज्या सर्व्हरमध्ये शेकडो गिगाबाइट मेमरीची तपासणी आणि रेड कंट्रोलरचा प्रारंभ यांत कित्येक मिनिटे जातात, तेथे हा फरक प्रचंड असतो. उपकरणे मूळ अवस्थेत न येता नव्या कर्नेलच्या हाती जात असल्याने काही ग्राफिक्स कार्डे मात्र नीट जागी होत नाहीत. केवळ सेवा नव्याने सुरू करायच्या असतील तर २०२३ च्या सिस्टमडी २५४ मधील सॉफ्ट-रीबूट कर्नेललाही धक्का लावत नाही.

सर्वांत मूलगामी मार्ग म्हणजे फर्मवेअरच बदलणे. १९९९ मध्ये लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस या नावाने सुरू केलेला आणि २००८ पासून कोअरबूट म्हणून ओळखला जाणारा मुक्त प्रकल्प या विचाराचा पाया आहे. गुगलच्या क्रोमबुकांत तोच वापरला जातो. त्याच विचाराची पुढची पायरी असलेल्या लिनक्सबूट या प्रकल्पात, ज्याची घोषणा लिनक्स फाउंडेशनने २०१८ मध्ये केली, डीएक्सई टप्प्यातील बहुतेक ड्रायव्हर काढून त्यांच्या जागी एक छोटा लिनक्स कर्नेलच फ्लॅश चिपमध्ये बसवला जातो. ओपन कम्प्यूट जातीच्या सर्व्हरवर आठ मिनिटांचा प्रारंभ सुमारे वीस सेकंदांवर आल्याचे त्याच्या कर्त्यांनी जाहीरपणे मांडले आहे. या तुलनेतून दिसते ते हे की सर्व्हरमधील विलंबाचा मोठा भाग यंत्राच्या गरजेतून आलेला नव्हता; तो संथ लिहिलेल्या ड्रायव्हरांतून आलेला होता.

तथापि हा मार्ग सर्वांना खुला नाही. इंटेलच्या आधुनिक मंचांवर कोअरबूटलाही मेमरी सज्ज करण्यासाठी इंटेलचा एफएसपी हा बंद तुकडा वापरावा लागतो, त्यामुळे ट्रेनिंगचा खर्च तिथेही राहतो, आणि फर्मवेअरची सही तपासणाऱ्या बूट गार्ड या यंत्रणेची किल्ली कारखान्यातच कायमची बसवलेल्या लॅपटॉपांवर पर्यायी फर्मवेअर चालतच नाही. तरीही कोअरबूटची एक गोष्ट प्रत्येक उत्पादकाने उचलावी अशी आहे. त्याच्यासोबत येणारी सीबीमेम ही आज्ञा प्रारंभातील एकेका पायरीचे नाव आणि तिला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत छापते. मेमरी किती, पीसीआय उपकरणे किती, पुढचा टप्पा वाचण्यात किती, हे सारे एका नजरेत दिसते. बंद फर्मवेअर असलेल्या यंत्राच्या मालकाला याच माहितीसाठी उपकरणे काढून, घड्याळ लावून, अंदाज बांधत बसावे लागते, आणि त्याच्या प्रयत्नांची मर्यादाही तिथेच येते : मेनूत जे सेटिंग उत्पादकाने ठेवलेले नाही ते त्याला कधीच बदलता येत नाही.

म्हणून विद्यापीठे, बँका, शासकीय कार्यालये आणि अन्य संस्था, ज्या एका निविदेत शेकडो संगणक घेतात, त्यांनी खरेदीच्या अटींत तीन गोष्टी लिहाव्यात : फर्मवेअरने वेळेचा तक्ता खराखुरा भरावा, फर्मवेअर एलव्हीएफएसवरून अद्ययावत करता यावे आणि मेमरी, नेटवर्क व उपकरणशोध यांची सेटिंग मालकाला खुली असावीत. एकट्या ग्राहकाचे म्हणणे उत्पादक ऐकत नाही. निविदेतली अट त्याला पाळावी लागते.